डब्लिनमध्ये आई-बाबांसोबत जुन्या आयरिश पबमध्ये जेवायला कुठे जावं?

सांगलीची_लेक:
नमस्कार मंडळी. आम्ही लिमरिकला राहतो. ऑक्टोबरच्या शेवटी लेकीला मिड-टर्मची सुट्टी आहे, तेव्हा आई-बाबांना घेऊन शुक्रवार ते रविवार डब्लिनला जातोय. हॉटेल स्मिथफील्ड चौकाजवळ घेतलंय. बाबांची एकच फर्माईश आहे: खराखुरा जुना आयरिश पब बघायचा, तिथे निवांत बसून जेवायचं आणि गाणंबजावणं ऐकायचं. पर्यटकांसाठी नटवलेला नको.

आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. बाबा मटण-मासे आवडीने खातात, पण बीफ आणि पोर्क नाही. लेक सात वर्षांची. आईच्या मनात पब म्हणजे दारू पिऊन गोंधळ घालायची जागा असंच आहे. ती 'तुम्ही जाऊन या, मी खोलीवर थांबते' म्हणतेय आणि मला ते मुळीच नकोय. तिला अवघडल्यासारखं होणार नाही आणि पोटभर जेवताही येईल अशी जागा सुचवाल का? टेंपल बार या पर्यटकांच्या भागात गर्दी आणि भाव दोन्ही जास्त असतात हे माहीत आहे, तेवढं सोडून सांगा.

लिफीकाठ:
आईंना खोलीवर अजिबात ठेवू नका. इथल्या जुन्या पबमध्ये संध्याकाळी पाच-सहाला गेलात तर आजी-आजोबा, नातवंडं, ऑफिसातून परतणारी माणसं सगळी एकाच खोलीत जेवताना दिसतील. त्या वेळेचा पब आणि रात्री अकराचा पब या दोन वेगळ्या जागा आहेत.

मुलांचा नियम आधी लक्षात घ्या. पंधरा वर्षांखालचं मूल आई-वडिलांबरोबर किंवा पालकाबरोबरच आत येऊ शकतं आणि रात्री नऊनंतर अठराखालच्यांनी बारमध्ये थांबायचं नाही. मे ते सप्टेंबर ही वेळ दहापर्यंत असते, पण तुम्ही ऑक्टोबरमध्ये येताय म्हणजे नऊच. पबमध्ये मुख्य गाणंबजावणं बऱ्याचदा नऊ-साडेनऊलाच सुरू होतं, त्यामुळे जेवण आणि संगीत दोन्ही एकाच बैठकीत साधायला गेलात तर लेकीमुळे अर्ध्यातून उठावं लागेल.

स्मिथफील्डहून चालत जाता येईल अशी जागा म्हणजे ब्रेझन हेड. फादर मॅथ्यू पूल ओलांडला की लगेच, ब्रिज स्ट्रीटवर. ११९८ पासून इथे खानावळ आहे असा त्यांचा दावा आहे, आत्ताची इमारत मात्र अठराव्या शतकातली. मधे फरसबंद अंगण, आत बुटक्या छताच्या एकात एक खोल्या. पर्यटक येतातच, ते टळणार नाही, पण जेवणाचं नीट स्वयंपाकघर आहे आणि जागा खरोखर जुनी आहे. साडेपाचचं टेबल घ्या. जेवण होईतो ऑक्टोबरअखेर बाहेर अंधार पडलेला असतो, आत दिवे लागलेले असतात. बाबांना हवंय ते हेच.

रानजाई:
मी शाकाहारी आहे आणि बरीच वर्षं डब्लिनमध्ये आहे, म्हणून आईंच्या जेवणाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, मेन्यूवर 'व्ही' लिहिलेलं असलं तरी त्यात अंडं असू शकतं. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्याचा अर्थ इथे लावू नका. अंड्यासाठी ॲलर्जीची यादी बघा. युरोपातल्या कायद्याप्रमाणे चौदा पदार्थांची माहिती द्यावीच लागते आणि इथे ती लेखी असावी लागते. बहुतेक ठिकाणी प्रत्येक पदार्थापुढे आकडे छापलेले असतात, खाली कुठला आकडा कशाचा ते दिलेलं असतं. अंडं, दूध, मासे त्यात येतात. बीफ-पोर्क येत नाही, म्हणजे बाबांसाठी ती यादी कामाची नाही, तिथे तोंडाने विचारायचं. व्हीगन पदार्थ असेल तर आईंची चिंताच मिटली.

काय मागवावं: भाजीचं सूप आणि त्याबरोबर ब्राऊन सोडा ब्रेड. यीस्ट नाही, खायचा सोडा आणि ताक घालून फुगवलेला असतो, वर खारं आयरिश लोणी. थंडीत याच्याइतकं सुखाचं इथे दुसरं काही नाही असं माझं मत आहे. मात्र सूप कुठल्या स्टॉकमध्ये केलंय ते विचारा, काही ठिकाणी चिकनचा असतो. क्वचित ब्रेडमध्येही अंडं घालतात, तेही विचारा. मग चँप किंवा कोलकॅनन मिळालं तर जरूर घ्या. चँप म्हणजे बटाटा कुस्करून त्यात दूध, लोणी आणि कांद्याची पात. कोलकॅननमध्ये पातीऐवजी कोबी किंवा केल नावाची पालेभाजी. हॅलोवीनला घरोघरी कोलकॅनन करतात, तुम्ही नेमक्या त्याच दिवसांत येताय! मेन्यूत ते मटणाबरोबर असतं, पण वेगळी वाटी मागितली की देतात. 'ग्रेव्ही नको, बेकन नको' हे मात्र आवर्जून सांगा.

चिप्स (इथे म्हणजे फ्रेंच फ्राइज) मागवताना त्याच तेलात मासे तळतात का हे विचारा. मेयोनेज आणि टार्टर सॉसमध्ये अंडं असतं.

पबमधली व्हेजिटेबल करी मागवू नका. तुमच्या आईंना ती गोडमिट्ट लागेल आणि उरलेला दिवस 'घरी वरणभात केला असता' हे ऐकावं लागेल.

कोल्हापुरी_रस्सा:
रानजाईंना +१, विशेषतः सूप आणि ब्रेडसाठी.

बाबांसाठी मी सांगतो. 'आयरिश स्ट्यू' आणि 'गिनेस स्ट्यू' यांत गल्लत करू नका. आयरिश स्ट्यू मुळात मेंढीच्या किंवा कोकराच्या मटणाचा: बटाटा, कांदा, गाजर, थाइम आणि भरपूर वेळ. गिनेस ही काळी बिअर घातलेला स्ट्यू किंवा पाय (pie) म्हणजे जवळजवळ नेहमीच बीफ. तसंच शेफर्ड्स पाय मटणाचा, कॉटेज पाय बीफचा, पण पबवाले नावं सैल वापरतात, म्हणून 'लँब आहे का?' असं स्पष्ट विचारायचं. डब्लिनचा खास पदार्थ कॉडल, तो सॉसेज आणि रॅशरचा, म्हणजे पोर्क. बेकन-कॅबेजही तेच.

मासे खात असतील तर सीफूड चाउडर घ्याच. दुधा-सायीत शिजवलेले मासे, थोडे धुरावलेले, त्यात शिंपल्या. काही जण बेकनचे तुकडे टाकतात, तेवढं विचारा. फिश अँड चिप्सही चालेल, पण काही जुने चिपवाले गोमांसाच्या चरबीत तळतात. पबमध्ये सहसा वनस्पती तेल असतं, तरी विचारलेलं बरं. इथे असं विचारण्याचं कुणाला काही वाटत नाही.

मसाल्याची अपेक्षा ठेवू नका हे बाबांना आधीच सांगा. स्ट्यूची चव मटणाची आणि बटाट्याची असते. त्यात तिखट शोधायला गेलं की तो अळणी वाटतो, आणि त्या पदार्थावर तो अन्याय आहे.

सुरपेटी:
संगीताबद्दल लिफीकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. जेवण एकीकडे आणि संगीत दुसरीकडे करा. तुमचं हॉटेल स्मिथफील्डला आहे म्हणजे तुम्ही डब्लिनमधल्या माझ्या सर्वांत आवडत्या पबच्या दारात राहताय. चौकाच्या उत्तर टोकाला कॉबलस्टोन आहे. तिथे जेवण मिळत नाही, आणि तेच बरं आहे. लोक ऐकायला येतात. २०२१ मध्ये त्या जागी हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा वादक आणि श्रोते मिरवणुकीने रस्त्यावर उतरले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात डब्लिन सिटी कौन्सिलने परवानगी नाकारली. पब वाचला.

तिथल्या बैठकीला सेशन म्हणतात. स्टेज नाही. दाराजवळच्या कोपऱ्यात वादक गोल करून बसतात: फिडल, बासरी, टिन व्हिसल, बोव्हरान नावाचा हातात धरायचा डफ, नशीब असेल तर इलन पाइप्स. कोपराने भाता दाबून वाजवायचे हे पाइप्स ऐकले की अंगावर काटा येतो. आपल्या गावातलं भजनी मंडळ जसं आपापसांत रंगतं आणि आपण कडेला बसून ऐकतो, तसंच आहे ते. एक जण चाल उचलतो, बाकीचे मिळत जातात.

वादकांच्या राखीव खुर्च्यांवर बसू नका. कुणी वाद्याशिवाय एकटं गायला लागलं की पूर्ण शांत राहायचं, लेकीला हे आधी सांगून ठेवा. शनिवार-रविवारी दुपारीही वादक बसतात, त्या दिवसाचं वेळापत्रक बघून मुलीला तेव्हाच न्या.

नुसता आवाज आणि इतिहास हवा असेल तर मेरियन रो या रस्त्यावरचा ओडोनोह्यूज पब. १९६२ मध्ये 'द डब्लिनर्स' हा गट तिथेच जमला. पण ते छोटं आणि खच्चून भरलेलं असतं, वयस्कर माणसांना उभं राहावं लागेल. मी नेणार नाही.

सांगलीची_लेक:
किती छान माहिती! आईला सोडा ब्रेडचं वर्णन वाचून दाखवलं, ती म्हणाली, 'ताकातला असेल तर खाऊन बघीन.' अजून दोन शंका. पेय न घेता नुसतं जेवलं तर चालतं ना? आणि बाबांना गिनेस चाखायची आहे, पण पूर्ण ग्लास झेपणार नाही.

लिफीकाठ:
नुसतं जेवलं तरी चालतं. निम्मी टेबलं चहा पीत असतात, आणि चहा किटलीभर येतो, दूध वेगळं. बाबांसाठी 'ग्लास ऑफ गिनेस' म्हणा, म्हणजे अर्धा पाइंट मिळतो. ४.२ टक्के अल्कोहोल असतं. नकोच असेल तर बिनअल्कोहोलची ०.० गिनेस आता सर्रास मिळते. ग्लास पाऊणभर भरून बाजूला ठेवतील आणि मग वरून भरतील, तोवर घाई करू नका. बारवर ऑर्डर दिलीत तर टिप नाही, टेबलावर वाढलं तर दहा टक्के पुरे.

आईंना कोपरा हवा असेल तर 'स्नग' आहे का विचारा. दाराशेजारची लाकडी पडदीची छोटी खोली, बारकडे उघडणारी खिडकी. एके काळी बायका चारचौघांच्या नजरेआड तिथे बसायच्या. साउथ ॲन स्ट्रीटवरच्या केहोजमध्ये आणि बॅगट स्ट्रीटवरच्या टोनर्समध्ये जुने स्नग अजून आहेत. ते आरक्षित होतील या भरवशावर राहू नका, दुपारी लवकर जाऊन बसायचं.

बागेश्री:
मी वेगळंच सुचवते. ग्लासनेव्हिनला जा. तिथल्या दफनभूमीच्या भिंतीला लागून जॉन कॅव्हानाचा पब आहे, सगळे त्याला ग्रेव्हडिगर्स म्हणतात. दफनभूमी १८३२ ची, पब १८३३ चा, आणि आजही त्याच कुटुंबाकडे. आत टीव्ही नाही, संगीत नाही, झिजलेली लाकडी बाकं आणि माणसांचं बोलणं एवढंच. मला हा ब्रेझन हेडपेक्षा कितीतरी जास्त खरा वाटतो. शेजारीच राष्ट्रीय वनस्पती उद्यान आहे, प्रवेश मोफत, तिथली काचेची मोठी घरं बघून आजी आणि नात दोघी खूश होतील. सकाळी बाग, मग तिथे दुपारचं जेवण. मेन्यू छोटा आहे, आईंसाठी काय मिळेल ते फोन करून विचारा.

कोल्हापुरी_रस्सा:
जागा उत्तम आहे, पण तिथला प्रसिद्ध पदार्थ कॉडलच. बाबा पोर्क खात नाहीत आणि आई शाकाहारी, मग जेवायला नेऊन काय उपयोग? चहा किंवा बाबांच्या अर्ध्या पाइंटसाठी जा.

मालवणी_वारा:
ग्लेनकलनचं जॉनी फॉक्सेस कुणीच सुचवलं नाही? डब्लिनच्या डोंगरात, १७९८ पासूनचं. 'हूली' नावाची संध्याकाळ असते: जेवण, गाणी, आयरिश नाच, सगळं एकत्र. मुलं असलेल्या कुटुंबाला सोपं पडतं.

सुरपेटी:
नाच बघायला मुलांना आवडेल हे खरं. पण तो बसवलेला कार्यक्रम आहे, आणि बाबांनी नटवलेलं नको म्हटलंय. स्मिथफील्डला राहून रात्री डोंगरात जाऊन परत यायचं, तेही म्हाताऱ्या माणसांना घेऊन, मला पटत नाही.

मालवणी_वारा:
मान्य, गाडी नसेल तर नको. एक मात्र सांगतो, कुठल्याही पबमध्ये शेजारचा माणूस बाबांना 'कुठले तुम्ही?' विचारणारच. महाराष्ट्र म्हटलं की बऱ्याचदा लिओ वराडकरांचा विषय निघतो. वडील मुंबईहून आलेले डॉक्टर, मूळ गाव आमच्या मालवण तालुक्यातलं वराड. २०१७ मध्ये लिओ इथे पंतप्रधान झाले. बाबांना गप्पांना तेवढं पुरेल.

सांगलीची_लेक:
ठरलं. शनिवारी सकाळी वनस्पती उद्यान, ग्रेव्हडिगर्समध्ये चहा, दुपारी कॉबलस्टोनचं सेशन, साडेपाचला ब्रेझन हेडमध्ये जेवण. रविवारी केहोजचा स्नग मिळाला तर बघू. सगळ्यांचे मनापासून आभार.

लिफीकाठ:
शनिवारचं टेबल आजच घ्या. ऑक्टोबरअखेरच्या बँक हॉलिडेच्या, म्हणजे सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीच्या, आदल्या रविवारी डब्लिन मॅरेथॉन असते, त्यामुळे शनिवारी शहर धावपटूंनी भरलेलं असतं. रविवारी सकाळी बरेच रस्ते बंद असतात, स्टेशनला लुआसने (ट्रामने) जा. आणि बुकिंग करताना 'शाकाहारी, अंडं नाही' हे लिहाच, पण शनिवारी अकराच्या सुमारास फोनही करा. दुपारची गर्दी सुरू व्हायच्या आधी स्वयंपाकघरात विचारून सांगायला त्यांना वेळ असतो.