मदत हवी आहे : काठेवाडी घोडीला न काचणारा नाकपट्टा कसा निवडावा?

नमस्कार. नागपूरच्या काटोल रस्त्यालगतच्या आमच्या शेतावर नऊ वर्षांची काठेवाडी घोडी आहे. सकाळची तासभर रपेट, एवढेच तिचे काम. गेल्या दोन महिन्यांपासून मी नाकपट्ट्याचे, म्हणजे नोजबँडचे, बक्कल हातात घेतले की ती मान उंच करून मागे सरते. परवा पट्टा काढल्यावर चेहऱ्यावरून हात फिरवला, तेव्हा डाव्या गालाच्या हाडाच्या टोकाखाली नखाएवढ्या जागेतले केस गेलेले आढळले आणि तिथे बोट टेकताच तिची कातडी थरथरली. हे माझ्या आधी लक्षात यायला हवे होते, याचे फार वाईट वाटते.

थांबवताना ती तोंड उघडते, म्हणून एका प्रशिक्षकांनी पट्टा दोन भोके आवळून फ्लॅश, म्हणजे तोंड मिटून ठेवणारा खालचा बारीक पट्टाही लावायला सांगितले होते. तोंड मिटले, पण घोडी हाताला जड झाली, म्हणजे लगामावर भार टाकू लागली. शिवाय घोडा श्वास फक्त नाकानेच घेतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे नाकपुड्यांच्या जवळ काहीही आवळायला आता मन धजत नाही.

दुसरी अडचण मापाची आहे. तयार लगाम पोनी (लहान), कॉब (मध्यम) आणि फुल (मोठे) अशा मापांत मिळतात. हिचे कपाळ रुंद आणि मुस्कट आखूड असल्यामुळे फुल मापाचा नाकपट्टा खाली घसरतो, तर कॉब मापात तो जागेवर बसतो, पण कपाळपट्टा कानांच्या मुळाशी रुततो. कोणता प्रकार घ्यावा, किती सैल ठेवावा आणि आतून अस्तर लावावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर :

ताई, आधी फ्लॅश काढून ठेवा आणि केस परत येईपर्यंत नाकपट्टाच लावू नका. तुमच्या रपेटीला त्याच्यावाचून काही अडत नाही. त्यानंतर दात तपासून घ्या. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारता येईल. घोड्याच्या वरच्या दाढा खालच्यांपेक्षा बाहेर असतात आणि झिजताना त्यांच्या बाहेरच्या कडा धारदार होतात. पट्टा आवळला की गालाची आतली बाजू त्याच धारेवर दाबली जाते. तोंड उघडणे ही बहुधा तक्रार असते, आणि तिचे मूळ दातांत किंवा बीटमध्ये, म्हणजे लगामाच्या तोंडातल्या दांडीत, शोधावे लागते.

पुढे साधा कॅव्हेसन, म्हणजे फ्लॅश नसलेला एकेरी नाकपट्टा, घ्या. तो गालाच्या हाडाच्या टोकाखाली दोन बोटांवर यावा. त्याहून खाली नाकाचे हाड पातळ होत जाते. सैलपणा मात्र बाजूला पाहू नका, तिथे खोलगट भागामुळे पट्टा उगाच सैल वाटतो. नाकाच्या मधोमध, हाडावर, दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही २०२५ पासून तिथेच मोजपट्टी घालून दीड सेंटीमीटर जागा तपासतात. मापासाठी सुटे भाग घ्या, म्हणजे कॉबचा नाकपट्टा आणि फुलचा कपाळपट्टा. कानपूरच्या बनावटीचे असे सुटे भाग मागवता येतात. अस्तर लावलेत तर बोटांचे माप अस्तरासकट घ्या, नाहीतर मऊ म्हणून लावलेली घडीच पट्टा घट्ट करते. आपल्या उन्हाळ्यात लोकरीत घाम मुरतो, म्हणून मी गुळगुळीत चामडेच पसंत करतो आणि रपेटीनंतर ते ओल्या फडक्याने पुसतो.

धागाकर्ती :

मनापासून आभार, दादा. आत्ताच जुन्या भोकावर पट्टा लावून पाहिला, तर मधोमध करंगळीचे टोकसुद्धा जाईना. तो लगेच उतरवून ठेवला आहे. दातांसाठी उद्या सकाळी फोन करते आणि नवा पट्टा त्यानंतरच मागवते.