पाला भरपूर, कळ्या नाहीत
युरिया घातल्यावर गुलाबाला पाला आला पण कळ्या नाहीत, यात नवल नाही. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे पानं वाढवणारा नायट्रोजन. झाड पानंच काढत बसतं आणि त्या कोवळ्या फुटीवर मावा ही रस शोषणारी कीड तुटून पडते. युरिया आता बंदच करा. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशही (पोटॅश) असलेलं मिश्रखत घ्या, कुंडीत असेल तर पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मंच. आधी माती भिजवा, मग दाणे खोडाला न चिकटवता कडेकडेने पसरून हलकं खुरपा, पुन्हा पाणी द्या. कोरड्या मातीत खत घातलं तर मुळं करपतात. पानांच्या कडा तपकिरी दिसताहेत? मग खत थांबवून कुंडीतून भरपूर पाणी निथळू द्या. बोनमील (हाडांचा चुरा) घालणार असाल तर मातीत नीट मिसळा, नाहीतर कुत्री उकरतात! हातमोजे घालाच.