टीव्हीवरच्या शिव्यांची तक्रार: कुठे, कशी, कोणत्या कलमाखाली? (अनुभव धागा)

मालिका, रिअ‍ॅलिटी शो, चर्चेतली हमरीतुमरी, नाहीतर सामन्यात स्टंपच्या माइकमधून आलेली शिवी. ज्यांनी अशी तक्रार शेवटपर्यंत नेली आहे किंवा चॅनेलच्या बाजूने हाताळली आहे, त्यांनी पद्धत लिहा. 'हल्ली काहीही दाखवतात' हा सूर सगळ्यांनाच माहीत आहे, तो इथे नको.

तिसरी_पायरी

आधी केंद्राचं माहिती व प्रसारण मंत्रालय नाही, आधी चॅनेल. जून २०२१ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून तीन पायऱ्या आहेत. चॅनेलच्या वेबसाइटवर अगदी तळाला, बारीक अक्षरात तक्रार निवारण अधिकाऱ्याचा मेल असतो. तक्रार गेली की २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत उत्तर मिळायला हवं. उत्तर आलं नाही, किंवा 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे' छापाचं आलं, तर पुढच्या १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे, म्हणजे वाहिन्यांनीच स्वतःवर नजर ठेवायला नेमलेल्या मंडळाकडे, अपील. तिला ६० दिवस. तिथेही पटलं नाही तर आणखी १५ दिवसांत केंद्र सरकारकडे.

लोक घसरतात ते मधल्या अपिलावर. चॅनेलचं उत्तर येईल येईल म्हणत महिना जातो आणि मुदत संपते. मेल पाठवताना त्याच बैठकीत मोबाइलमध्ये सोळाव्या दिवसाचा गजर लावून टाका.

अपील कुठे? मनोरंजन वाहिनी असेल तर बहुतेक वेळा बीसीसीसी, म्हणजे २०११ मध्ये सुरू झालेली ब्रॉडकास्टिंग कंटेंट कंप्लेंट्स कौन्सिल. बातम्यांसाठी एनबीडीएसए, म्हणजे न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटी, पण सगळ्या वृत्तवाहिन्या तिच्या सदस्य नाहीत, म्हणून अर्जाआधी सदस्ययादी बघा. जाहिरातीतल्या भाषेसाठी एएससीआय, म्हणजे अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया.

संकलनाच्या_टेबलावरून

शिवी निसटते कशी हे कळलं की तक्रार नेमकी होते. बीप अर्धा सेकंद उशिरा पडतो आणि पहिलं अक्षर स्वच्छ ऐकू येतं, हा नेहमीचा प्रकार. दुसरा, मूळ ऑडिओवर बीप असतो पण दुसऱ्या भाषेच्या ट्रॅकवर टाकायचा राहून जातो. तिसरा, आवाज दाबलेला आणि सबटायटलमध्ये शब्द जसाच्या तसा. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित म्हणजे प्रोमो: एपिसोड साफ होतो, पण प्रोमो आधीच्या कच्च्या फुटेजवरून कापलेला असतो आणि तो दुपारी मुलं घरात असताना दहादा वाजतो.

म्हणून तक्रारीत हे हवंच: वाहिनी, एसडी की एचडी, कोणती ऑडिओ भाषा, एपिसोड की प्रोमो की पुनःप्रक्षेपण, तारीख, वेळ. वेळ कार्यक्रमपत्रिकेतली नको, घड्याळातली हवी. 'रात्री सुमारे ८ वाजून ४२ मिनिटं, जाहिरातीनंतरचा दुसरा प्रसंग, स्वयंपाकघरातलं भांडण' असं लिहिलं की शोधणाऱ्याला पळवाट उरत नाही. 'सुमारे' लिहा, कारण सेट टॉप बॉक्समुळे काही सेकंद मागेपुढे होतात.

क्लिप नसली तरी अडत नाही. वाहिनीला ९० दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवावंच लागतं. अ‍ॅपवरची लिंक मात्र पाठवू नका. अ‍ॅपवरची आवृत्ती टीव्हीवरच्यापेक्षा वेगळी असू शकते, आणि 'आमच्या प्रक्षेपणात हा शब्द नाही' असं उत्तर येऊन विषय संपतो.

कलमाचा_कीस

'अश्लील' हा शब्द टाळा. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'कॉलेज रोमान्स' या वेबमालिकेच्या खटल्यात स्पष्ट केलं की शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे. तुम्ही अश्लीलता लिहिलीत की चॅनेलचा वकील हाच निकाल समोर ठेवणार.

टीव्हीवर काय दाखवू नये ते सांगणारी कार्यक्रम संहिता म्हणजे त्याच केबल नियमांतला नियम ६. त्यातलं ६(१)(ए) सुरुची आणि सभ्यतेबद्दल आहे, ते पकडा. मुलं मोठ्या संख्येने बघतात त्या वेळेत प्रक्षेपण झालं असेल तर ६(५) जोडा. मनोरंजन वाहिन्यांच्या स्वतःच्या संहितेत 'आर' (मुलांसाठी नसलेल्या, मर्यादित) वर्गाच्या कार्यक्रमांना रात्री ११ ते पहाटे ५ हीच वेळ आहे, तेही एका ओळीत लिहा. चित्रपट असेल तर वाट वेगळी: सुरुवातीला दाखवलेलं प्रमाणपत्र यू किंवा यूए आहे का ते पाहा. 'ए' (फक्त प्रौढांसाठीचे) चित्रपट टीव्हीवर नकोत हा मुद्दा प्रतिभा नैथानींच्या जनहित याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयातच ऐरणीवर आला होता.

गल्लीतली_केबल

गावातल्या केबलवाल्याच्या स्वतःच्या चॅनेलसाठी बीसीसीसीचा उपयोग नाही. गणपतीत ऑर्केस्ट्रा लाइव्ह दाखवतात, निवेदक सुटतो, बीप मारायला कोणी नसतं. अशा वेळी जिल्हास्तरीय संनियंत्रण समिती. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, प्रत जिल्हा माहिती कार्यालयात, दोन्हीकडे आवक क्रमांक घ्या. कायद्याने जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त हे प्राधिकृत अधिकारी आहेत, ते प्रक्षेपण थांबवू शकतात. इथे क्लिप जरूर जोडा, केबलवाल्याच्या रेकॉर्डिंगवर विसंबू नका.

संकलनाच्या_टेबलावरून

@गल्लीतली_केबल, अगदी. आणि मागणी आवाक्यातली ठेवा: पुनःप्रक्षेपणातून शब्द काढा, सबटायटल बदला, प्रोमो उतरवा, वेळ हलवा. 'चॅनेल बंद करा' लिहिणाऱ्यांनी दोन प्रकरणं आठवावीत. नोव्हेंबर २०१० मध्ये मंत्रालयाने 'बिग बॉस'ला रात्री ११ नंतर जायला सांगितलं, तर वाहिनीला मुंबई उच्च न्यायालयात दिलासा मिळाला. कॉमेडी सेंट्रलवर २०१२ मध्ये दाखवलेल्या कार्यक्रमांसाठी १० दिवसांच्या बंदीचा आदेश निघाला तो मे २०१३ मध्ये. शब्द हवेत विरून वर्ष होत आलं होतं.

नवीन_वाचक

शिवी पूर्ण लिहायची की फुल्या मारायच्या?

कलमाचा_कीस

पूर्ण. फुल्या मारल्यात तर 'नेमका शब्द नमूद नाही' म्हणून परत येईल. शिवाय अपील दिल्लीत वाचलं जातं, तेव्हा अर्थ एका ओळीत इंग्रजीत द्या. 'रांडेच्या' हा शब्द कोल्हापूरकडे आजी नातवाला लाडाने म्हणते असं उत्तर चॅनेल देणारच, म्हणून कोण कोणाला कोणत्या रागात म्हणालं तेही लिहा. विषयाच्या ओळीत मात्र शिवी नको, मेल सरळ स्पॅममध्ये जाते.