चुका दाखवाव्यात, पण कशा?

‘चुका दाखवल्याच नाहीत तर सुधारणा कशी होणार?’ हा प्रश्न रास्त आहे; मात्र माझ्यासारख्या डिस्लेक्सिया (वाचन-लेखन जड जाण्याची अध्ययन अक्षमता) असलेल्या माणसाला शुद्धलेखनाचा नियम ठाऊक नसतो, असे त्यात गृहीत धरले आहे आणि ते मला मान्य नाही. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घाचा फरक बहुधा कानाला जाणवत नाही, तो डोळ्यांनी लक्षात ठेवावा लागतो आणि नेमके तेच मला जड जाते. शिवाय पहिली वेलांटी उच्चारायची अक्षरानंतर आणि काढायची त्याच्या आधी. हा क्रम सांभाळता सांभाळता वाक्यातला विचारच निसटतो.

देवगडला आमची आंब्याची बाग आहे. हंगामात वाशीच्या व्यापाऱ्यांना पाठवायचे संदेश मी फोनवर बोलून टाइप करतो आणि पाठवण्यापूर्वी फोनकडूनच वाचून घेतो, कारण गाळलेला शब्द डोळ्यांना दिसला नाही तरी कानाला खटकतो. मोठा मजकूर वहिनी तपासतात. वहिनी आधी मुद्द्याबद्दल बोलतात आणि मग दोन-तीन शब्द बरोबर लिहून देतात, तेही चारचौघांत नव्हे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे (डिस्लेक्सिया त्यातच येतो), त्यामुळे मुलांना परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो. (बागायतदाराला तो कोण देणार, हा भाग निराळा.) माझ्या लेखनात चूक दिसली तर योग्य रूप सरळ लिहून द्यावे, ‘जरा नीट वाचून पाहा’ या सूचनेचा मला उपयोग होत नाही.