सहा दिवसांच्या सुट्टीत ओपन वॉटरचं सर्टिफिकेट पदरात पडेल का?

निळीशाई
बेटावर सहा दिवस मुक्काम आहे, सहाव्या दिवशी सकाळी ८ चं परतीचं विमान. तेवढ्यात मला आणि नवऱ्याला स्कूबाचा (पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाण्याचा) पहिला, म्हणजे ओपन वॉटर कोर्स पूर्ण करायचाय. दोघांनाही तरण तलावात पोहता येतं, समुद्राची सवय नाही. मला उणे साडेतीनचा चष्मा आहे. नवऱ्याला लहानपणी दमा होता, आता औषध नाही. थिअरी तिथे जाऊन केली तर चालेल का? आणि एखादी गोष्ट जमलीच नाही तर?

भरतीओहोटी
होईल, पण दिवस शेवटाकडून मोजा. लागोपाठ काही दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जावे लागतात, आणि २४ ठेवले तर उत्तम. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो. तुमचं विमान सकाळी ८ चं, म्हणजे पाचव्या दिवशी सकाळी ८ नंतर पाण्याखाली जायचं नाही असं धरून चाला. थोडक्यात, पाचवा दिवस गेलाच.

पहिला दिवस प्रवासाचा. उरले दुसरा, तिसरा, चौथा. कोर्समध्ये थिअरी, तलावातला किंवा उथळ शांत पाण्यातला सराव आणि समुद्रातले चार डाइव्ह असतात. हे चार एका दिवसात उरकता येत नाहीत, किमान दोन दिवस लागतात. मग दुसऱ्या दिवशी सराव, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन-दोन डाइव्ह. यात थिअरीला जागाच नाही, ती घरूनच ऑनलाइन संपवा. पॅडी (PADI, डाइव्हिंगचं प्रशिक्षण आणि सर्टिफिकेट देणारी संस्था) यांच्या कोर्समध्ये पाच भाग आणि शेवटी ५० प्रश्नांची परीक्षा असते, पास व्हायला ७५ टक्के लागतात.

तुम्ही राहता तिथे डाइव्ह सेंटर असेल तर तलावातला सरावही आधीच करून रेफरलचा कागद, म्हणजे एवढा भाग झाल्याचा दाखला घ्या. मग बेटावर फक्त समुद्रातले चार डाइव्ह उरतात आणि एखादा दिवस वाऱ्या-लाटांमुळे वाया गेला तरी गणित कोलमडत नाही. मी तर हाच मार्ग सुचवेन. पॅडीचं रेफरल १२ महिने चालतं. दोन्हीकडची सेंटर्स एकाच संस्थेची आहेत ना, हे मात्र बुकिंगआधी विचारून घ्या.

खोलपाणी
दम्याचं आज बघा, तिथे पोचल्यावर नको. प्रत्येकाला एक वैद्यकीय प्रश्नावली भरावी लागते. ठरावीक प्रश्नांना ‘हो’ आलं की डॉक्टरांची सही असल्याशिवाय इन्स्ट्रक्टर पाण्यात उतरवत नाही, आणि ती सही सुट्टीच्या पहिल्या सकाळी मिळवणं कठीण. फॉर्म आत्ताच डाउनलोड करून प्रश्न शब्दन् शब्द वाचा.

फॉर्मप्रमाणे सही लागत नसली तरी फुप्फुसाची तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री करून घ्याच. श्वासनलिका आकसली तर फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा अडकते. १० मीटरवरून वर येताना ती हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. ‘श्वास कधीही रोखू नका’ हा पहिला नियमही त्याचसाठी. हो-नाहीमध्ये खोटं लिहून वेळ मारून नेऊ नका, जिवाशी गाठ आहे.

पोहण्याची चाचणी मात्र घाबरण्यासारखी नाही. २०० मीटर न थांबता, कुठल्याही पद्धतीने, वेळेची मर्यादा नाही. शिवाय १० मिनिटं तरंगत राहायचं.

शिडाची होडी
बहुतेक लोक दोनच ठिकाणी अडतात, मास्क आणि कान.

मास्कमध्ये पाणी भरल्यावर ते काढताना चुकतो तो क्रम. आधी नाकाने श्वास सोडायला सुरुवात करायची, मास्कची वरची कड कपाळावर दाबायची आणि *मग* मान हळूहळू वर करायची. मान आधी वर केली तर पाणी थेट नाकात जातं, ठसका लागतो, जीव घाबरा होतो आणि माणूस वर पळायला बघतो. शिवाय मास्क पूर्ण काढून मिनिटभर रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा देणारा, तोंडात धरायचा भाग) श्वास घ्यावा लागतो. याची तयारी घरी बादलीवर होते: तोंडात स्नॉर्केल (श्वासाची नळी), नाक उघडं, चेहरा पाण्यात, फक्त तोंडाने श्वास. जवळ कुणीतरी असू द्या. रोज पाच मिनिटं, आठवडाभर. नवऱ्याला मिशी असेल तर मास्कच्या कडेखालून पाणी झिरपेल, नाकाखालची पट्टी तेवढी बारीक करायला सांगा.

कानाचं उलटं असतं, तिथे घाई नडते. दाब सर्वांत झपाट्याने बदलतो तो पहिल्या १० मीटरांत, १ बारचा थेट २ बार होतो. म्हणून दुखायला लागल्यावर नव्हे, पाण्याच्या वर असतानाच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारा आणि मग दर अर्ध्या मीटरला तेच करा. दोर धरून, पाय खाली ठेवून उतरा. दडे सुटले नाहीत तर मीटरभर वर या आणि पुन्हा प्रयत्न करा. जोर लावून फुंकलंत तर आतल्या कानाला इजा होते. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नका. नाक मोकळं करणाऱ्या औषधाचा असर खाली असताना उतरला, तर वर येताना हवा आत कोंडते.

चष्म्यासाठी नंबरचा मास्क मिळतो, सेंटरला आधी कळवा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात, पण मास्क काढताना डोळे मिटलेले हवेत.

निळीशाई
खूप उपयोगी! सेंटर निवडताना काय विचारू? आणि एखादं स्किल राहिलं तर पैसे, वेळ सगळं पाण्यात?

भरतीओहोटी
नाही. यात नापास असा शिक्का नसतो. झालेल्या भागांची नोंद करून घ्या, उरलेलं पुढे दुसरीकडे पूर्ण करता येतं.

सेंटरला विचारा: एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? पॅडीच्या नियमात समुद्रात आठपर्यंत चालतात, पण नवख्यांसाठी चारच्या वर नको. सराव ते डाइव्ह एकच इन्स्ट्रक्टर असणार का? होडीवर ऑक्सिजनचं किट आहे का?

खोलपाणी
एक भर: वजनाचा पट्टा. तलावातलं वजन समुद्रात पुरत नाही, खाऱ्या पाण्यात साधारण दोन-तीन किलो जास्त लागतात. पण बिचकणाऱ्या शिकाऊंना लवकर बुडवण्यासाठी कधीकधी गरजेपेक्षा जास्त लादलं जातं. मग तोल सांभाळायला बीसीडीत (तरंगणं कमी-जास्त करायला हवा भरायचं जॅकेट) सारखी हवा भरा-सोडा होते, धाप लागते आणि सिलिंडर भराभर संपतो. तपासायचं असं: बीसीडी पूर्ण रिकामं करा, नेहमीएवढा श्वास घेऊन पाण्यावर स्थिर उभे राहा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे आणि श्वास सोडल्यावर हळूहळू बुडायला हवं. दगडासारखे खाली गेलात तर तिथेच एक-दोन किलो काढायला सांगा.