मदत हवी आहे: स्वस्तातली माउंटन बाइक सुधारावी की बदलावी?

खडकवाट:
माझ्याकडे सर्वांत खालच्या श्रेणीतली एक माउंटन बाइक आहे. तिचा पुढचा फोर्क (चाक धरणारा, दणके झेलणारा दुफाळा भाग) खड्ड्यात नुसता आपटतो, चढावर जोर लावला की चेन घसरते आणि ब्रेक किंचाळतात. एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेच्या दाबावर चालणारा), हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक आणि पुढे पायडलपाशी एकच चेनरिंग म्हणजे दातेरी चक्र असलेली दहा गिअरांची यंत्रणा बसवावी, की सायकलच बदलावी? 'परिस्थितीवर अवलंबून आहे' हे उत्तर मला पुष्कळदा मिळाले आहे. कृपया दोहोंपैकी एक सांगावे.

मंदगती:
एक सांगायचे तर आधी बरेच विचारावे लागेल. मागच्या चाकावर फ्रीव्हील (हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आट्यांनी बसणारा गिअरचक्रांचा संच) आहे की कॅसेट (हबवर सरकवून बसवायचा संच), हेडट्यूब (फ्रेमची पुढची नळी, जिच्यातून फोर्कचा दांडा वर जातो) वरपासून खालपर्यंत सारख्या व्यासाची आहे की खाली रुंद होते, आणि मुख्य म्हणजे सायकल कोणत्या वाटेवर चालते, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही.

खडकवाट:
मागे सात गिअर आहेत, चाके 27.5 इंची आहेत. माउंटन बाइक जिथे चालवायची तिथेच चालवतो. फोर्क कोणता घ्यावा, तेवढे सांगा.

चेनपुराण:
फोर्क राहू द्या, आधी चेन मोजा. स्टीलच्या पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरला, की नव्या चेनमध्ये तिथून चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर येते. ती 1/16 इंच पुढे गेली असेल तर नुसती चेन बदलून भागते. 1/8 इंच गेली असेल तर मागचे दातेही झिजलेले असतात आणि नवी चेन त्यांवर घसरतच राहते. ब्रेक डिस्कचे असतील तर रोटर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पॅड बदलावेत. एवढ्यावर सायकल आणखी बराच काळ चालेल.

समूळबदल:
चालेल, पण विचारणाऱ्याला हवी आहे तशी चालणार नाही. सात गिअर म्हणजे बहुधा फ्रीव्हील. त्यावर दहा गिअरांची कॅसेट बसत नाही, म्हणजे मागचे चाक नवे घ्यावे लागेल. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे बेअरिंग बरेच आत असते, त्यामुळे आधार नसलेला एक्सल (चाकाचा आस) दणक्यांनी वाकतो, हा तोटा वेगळाच. आजचे बहुतेक एअर फोर्क खाली रुंद होणाऱ्या स्टिअररचे (हेडट्यूबमध्ये जाणाऱ्या दांड्याचे) आणि थ्रू-एक्सलचे (हबमधून आरपार जाणाऱ्या जाड आसाचे) असतात, म्हणजे पुढचे चाकही गेले. सुट्या भागांत एक अख्खी सायकल विकत घ्यायची आणि ती जुन्या फ्रेमवर टांगायची, यात मला शहाणपण दिसत नाही.

चेनपुराण:
सरळ स्टिअररचे, क्विक-रिलीजचे (खटक्याने सुटणाऱ्या बारीक आसाचे) एअर फोर्क आजही मिळतात. मी स्वतः तसाच एक वापरतो. फक्त फ्रेम 100 मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कसाठी घडवलेली असेल तर हौसेने 120 चा बसवू नये. पुढची बाजू उचलली जाते, हेडट्यूबचा कोन साधारण एका अंशाने कलतो आणि जोडांवरचा ताण वाढतो.

उंचसीट:
आपण सीटची उंची तपासली आहे का? गुडघेदुखीचे मूळ पुष्कळदा तिथेच असते.

मंदगती:
गुडघ्यांबद्दल कोणीच विचारलेले नाही. खडकवाट, दोन गोष्टी पाहून सांगा. मागची चक्रे हाताने उलट फिरवा; मधली हत्यार बसवायची खाच त्यांच्याबरोबर फिरली तर कॅसेट, स्थिर राहिली तर फ्रीव्हील. मग पुढचा ब्रेक दाबून, एक हात हेडट्यूबच्या खालच्या बेअरिंगवर ठेवून सायकल मागेपुढे हलवा, म्हणजे खेळ (ढिलेपणा) बेअरिंगमध्ये आहे की फोर्कच्या नळ्यांत, ते बोटांना कळेल.

खडकवाट:
खाच स्थिर राहते. खेळ नळ्यांत आहे. चेन 1/8 इंचाहून जास्त वाढली आहे. बोटे ठेवली तिथेच, डाउनट्यूबच्या (हेडट्यूबपासून पायडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) जोडाखाली, रंगात केसासारखी एक रेष आहे. ती जुनीच असल्यामुळे लिहिली नव्हती. आता फोर्कचे सांगता का?

समूळबदल:
सायकल चालवणे आजच थांबवा.

चेनपुराण:
इथे मात्र माझे दुमत नाही, पण आधी खात्री करून घ्या. रेषेवरचा रंग अलगद खरवडून जागा स्वच्छ पुसा आणि तिरप्या उजेडात पाहा. रेष खरवडल्यावर नाहीशी झाली तर ती रंगाची. धातूतही दिसली तर तो तडा आहे.

खडकवाट:
धातूतही आहे. फ्रेम ॲल्युमिनियमची आहे. वेल्डिंग करून घेतले तर?

मंदगती:
नको. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाभोवतीचे ॲल्युमिनियम मऊ पडते, आणि कारखान्यात दिलेली उष्णताप्रक्रिया पुन्हा दिल्याशिवाय त्याची मूळ ताकद परत येत नाही. नवी सायकल घेताना खाली रुंद होणारी हेडट्यूब, मागे कॅसेटचा हब आणि हायड्रॉलिक ब्रेक एवढे आधी पाहावे. फोर्क साधा असला तरी अशा फ्रेमवर तो पुढे बदलता येतो. जुनी फ्रेम मात्र सायकल म्हणून कोणाला विकू नये. सीट, हँडल, पायडल काढून घ्यावेत आणि ती भंगारात द्यावी.