चित्रपुस्तकात 'वाट बघणं' कसं काढू?

शाईचे डाग:
भाचीसाठी 32 पानांचं चित्रपुस्तक करतेय. सहा वर्षांची मुलगी बॅले शिकायला जाते ती फक्त पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायच्या त्या गुलाबी बुटांसाठी. बाई मात्र तिला बार, म्हणजे सरावाचा आडवा दांडा, धरून गुडघे वाकवायला लावतात. प्लिए, परत प्लिए, परत प्लिए. ती जाम वैतागते, इथवर छान जमलंय. शेवटी तिला बूट मिळतात असं काढलं होतं. भाचीने बघून विचारलं, "काल गेली आणि आज मिळाले?" बरं, 'धीर धर' कुणाच्या तोंडी घातलं की पान मरतं. तीनदा खोडून झालंय.

बारपाशी उभी:
मी बॅले शिकवते. भाची हुशार आहे, बूट देऊच नका! पॉइंट शूज साधारण 11-12 वर्षांच्या आधी देत नाहीत, तेही काही वर्षं नेमाने शिकल्यावर. पावलाची हाडं वाढत असतात, घोट्यात ताकद यावी लागते. तोवर मऊ सपाट चपला. आणि बुटाच्या टोकात लाकूड असतं असं अनेकांना वाटतं. पारंपरिक बुटात कापड-कागदाचे थर खळीने चिकटवून कडक केलेले असतात. एका पानावर बूट उभा कापून दाखवा.
एक विनंती. प्लिएत गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने जातो. पावलं बाहेर वळलेली आणि गुडघे नाकासमोर अशी चित्रं बघितली की माझेच गुडघे दुखतात.
हो, आणि रंगमंचावर मुख्य भूमिका करणाऱ्यांचा रोजचा सरावही बहुधा प्लिएनेच सुरू होतो. तुमच्या मुलीला हे अजून माहीत नाहीये ना?

झोपताना एकच गोष्ट:
मी नुसता वाचून दाखवणारा बाबा. केस वाढवा तिचे. पहिल्या पानावर अंबाडा बसतच नाही, पिना निसटतायत. मग पानागणिक जरा जरा लांब. मजकुरात त्याबद्दल चकार शब्द नको. आमची लेक असलं काही बरोब्बर हेरते आणि वर मलाच म्हणते, "बाबा, तुला दिसलंच नाही?"

शाईचे डाग:
अंबाडा घेतला! शेवटच्या पानावर आता दाराची फट आहे. आत मोठ्या नर्तकी बार धरून प्लिए करतायत आणि बाहेर हिचे गुडघे आपोआप वाकलेत (बोटांच्या दिशेने, दोनदा तपासलं). कच्चं चित्र भाचीला दाखवलं. तिने ते बाजूला सारलं, "कापलेला बूट कुठाय?"